बारा मिनिटांच्या आयटमवर अख्खा जन्म: जुन्या व्हरायटी स्टेजवरचे अचाट प्रयोग कसे चालायचे

दोन काटकुळे पुरुष, अंगात गुडघ्यापर्यंतचे झगे, डोक्यावर लाल तुर्की टोप्या, चिकटवलेल्या मिशा. मध्ये एक देखणी बाई. स्टेजवर वाळू पसरलेली. इजिप्तच्या भिंतींवरची चित्रं असतात तसे हात आणि माना कोनात वाकवून तिघं नाचतात. बुटाचा तळवा वाळूवर घासला की खर्रऽ खर्रऽ असा ठेका उठतो, आणि चेहरे मात्र बँकेच्या रांगेत उभं असल्यासारखे मख्ख. विल्सन, केपेल आणि बेटी हे त्या त्रिकुटाचं नाव. १९३२ मध्ये ते लंडनच्या पॅलेडियम थिएटरात आले आणि पुढची साधारण तीस वर्षं हाच वाळूचा नाच करून पोट भरत राहिले. मूळची बेटी, म्हणजे बेटी नॉक्स, १९४१ मध्ये नाच सोडून पत्रकार झाली आणि पुढे नाझी नेत्यांवरच्या न्यूरेंबर्गच्या खटल्याचं वार्तांकन करायला गेली. तिच्या जागी तिची मुलगी आली. मग आणखी बेट्या आल्या. नाच होता तिथेच राहिला.

आजच्या माणसाला हे पचत नाही. रील करणारा पोरगासुद्धा आठवड्याला काहीतरी नवं देतो, आणि ही मंडळी एकाच आयटमवर जन्म काढतात? त्यांना कंटाळा येत नसेल का, आणि पब्लिकला? याचं उत्तर समजलं की त्या काळची सगळी अचाट मंडळी, म्हणजे आग ओकणारे, बाहुल्या बोलवणारे, गोळी दाताने झेलणारे, मन ओळखणारे, नीट कळतात. म्हणून आधी हा धंदा चालायचा कसा ते पाहू आणि मग काही प्रयोगांची झाकणं उघडू.

नऊ आयटमांचं गणित

अमेरिकेत याला व्हॉदव्हिल म्हणत, इंग्लंडमध्ये म्युझिक हॉल आणि नंतर व्हरायटी. मूळ करमणूक दारूच्या गुत्त्यांना लागून वाढलेली, त्यामुळे कुटुंबवत्सल माणूस तिकडे फिरकायचा नाही. न्यूयॉर्कच्या टोनी पास्टरने २४ ऑक्टोबर १८८१ रोजी फोर्टीन्थ स्ट्रीटवरच्या आपल्या थिएटरात बायकामुलांना आणता येईल असा 'स्वच्छ' खेळ लावला. गिऱ्हाईक एकदम दुप्पट करण्याची ही युक्ती बी. एफ. कीथ आणि एडवर्ड आल्बी या जोडगोळीने उचलली आणि तिचा कारखाना केला. त्यांच्या थिएटरांत विंगेत सूचना लावलेल्या असत: अमुक शब्द तोंडातून निघाला तर हकालपट्टी.

खेळात साधारण आठ-नऊ आयटम. प्रत्येकाला दहा ते वीस मिनिटं. आपल्याकडच्या विविध गुणदर्शनात 'आता कोण आलंय ते आधी चढवा' असा कारभार असतो, इथे मात्र क्रमाला फार महत्त्व होतं. पहिला आयटम बिनबोलक्यांचा: कसरतपटू, सायकलवाले, शिकवलेली कुत्री. कारण उघड आहे. लोक अजून आत शिरतायत, खुर्च्या आपटतायत, कुणीतरी कुणाचा पाय तुडवतोय. अशा वेळी बोलून उपयोग काय? शेवटचा आयटमही बहुधा असाच, कारण तोवर अर्धं थिएटर ट्राम पकडायला उठलेलं असे. स्टार कलाकार असायचा शेवटून दुसरा.

क्रमामागे आणखी एक कारण होतं, आणि ते सुतारकामाचं होतं. स्टेजचे पुढून मागे भाग पाडलेले असत. सगळ्यात पुढची चार-सहा फुटांची पट्टी म्हणजे 'एक नंबर'. तिच्या मागे पडदा टाकला की गाणारी किंवा विनोद सांगणारा एवढ्याशा पट्टीत काम उरकू शकतो, आणि पडद्यामागे कामगार आवाज न करता पुढच्या कसरतवाल्यांचे झोके टांगू शकतात. म्हणून एक अख्ख्या स्टेजचा आयटम, मग एक पट्टीवरचा, मग पुन्हा मोठा. प्रेक्षकाला वाटायचं काय ती विविधता! खरं तर मागे हातोड्या चालू असायच्या.

आता मूळ प्रश्नाकडे. कीथ-आल्बींनी १९०६ मध्ये युनायटेड बुकिंग ऑफिस काढलं. पूर्वेकडची मोठी थिएटरं त्यांच्या हातात, पश्चिमेकडची ऑर्फियम साखळीकडे. करार मिळाला की कलाकाराची वर्षभराची वाट आखलेली: या आठवड्यात बॉस्टन, पुढच्या आठवड्यात आणखी कुठे. एका गावात एक आठवडा, आणि परत त्याच गावात यायला वर्ष उलटायचं. म्हणजे आयटम तोच ठेवून रोज नवं पब्लिक मिळायचं. ज्यांनी पाहिलंय ते वर्षभराने शेजाऱ्याला घेऊन यायचे, 'तो वाळूवाला नाच बघ' म्हणून. अशा बाजारात नवा आयटम बसवणं म्हणजे चालतं दुकान मोडणं. उलट तीच बारा मिनिटं हजार वेळा केली की त्यातला फालतू श्वाससुद्धा गाळला जातो. माझ्या मते या लोकांचं खरं कौशल्य युक्तीपेक्षा या घोटण्यात होतं. युक्ती बहुतेक वेळा शाळेच्या पुस्तकात सापडेल एवढीच असायची.

पोटातलं रॉकेल

हाजी अलीचंच घ्या. (आपल्या दर्ग्याशी याचा काही संबंध नाही.) हा माणूस स्टेजवर येऊन ग्लासामागून ग्लास पाणी गटागट पोटात ढकलायचा आणि मग कारंज्यासारखं बाहेर काढायचा. रुमाल, नाणी, बिया गिळून परत आणायचा. शेवटचा आयटम मात्र धडकी भरवणारा होता. भरपूर पाणी प्यायचं, त्यावर रॉकेल प्यायचं. समोर थोड्या अंतरावर एक छोटा किल्ला आणि त्याच्याजवळ ज्योत. हाजी अली तोंडातून रॉकेलची धार सोडतो, भडका उडतो, किल्ला पेटतो. लोक किंचाळतात. आणि मग त्याच तोंडातून पाण्याची धार येते आणि आग विझते.

पोटात दोन कप्पे आहेत की काय! नाहीत. रॉकेल पाण्यात मिसळत नाही आणि पाण्यापेक्षा हलकं असतं, घनता साधारण ०.८. ज्यांच्या घरी स्टोव्ह होता त्यांनी पाण्यावर तरंगणारा रॉकेलचा तवंग पाहिलेला आहे. पोटातही तेच होतं: पाणी खाली, रॉकेल वर. वरचं आधी बाहेर येतं, खालचं नंतर. म्हणजे क्रम निसर्गच लावून देतो. हाजी अलीचं काम उरतं ते पोटाच्या स्नायूंवर असा ताबा ठेवायचा, की उलटी हुकमी यावी आणि धार जिथे पाहिजे तिथे पडावी. हे 'उरलेलं' काम क्षुल्लक नव्हे. रॉकेलचा थेंब श्वासनलिकेत गेला तर फुप्फुसं जळतात, माणूस दगावतो. त्यामुळे हे वाचून कुणी मोरीत प्रयोग करू नये.

शरीरावरच्या ताब्याचा कळस म्हणजे फ्रान्सचा जोसेफ पुजोल. मार्सेयचा हा पाववाला १८९२ मध्ये पॅरिसच्या मुलाँ रूज या नाचगाण्याच्या थिएटरात आला आणि त्याने काय केलं, तर पादून दाखवलं. लाल कोट, पांढरे हातमोजे, चेहरा एखाद्या प्राध्यापकाचा. तोफेचा आवाज, मेघगर्जना, लाजरी नवरी, मग बासरीवर धून. सभागृहात बायका हसून हसून बेशुद्ध पडायच्या असं सांगतात. यामागचं शरीरशास्त्रही सोपं आहे: तो पोटाचे स्नायू आवळून गुदद्वारातून हवा आत ओढायचा आणि तीच बाहेर सोडायचा. हवा आतड्यात तयार झालेली नाहीच, त्यामुळे वासाचा प्रश्न नव्हता. १८९४ मध्ये एका मित्राच्या अडचणीच्या वेळी त्याने बाहेरच प्रयोग करून दाखवला म्हणून मुलाँ रूजने कराराचा भंग केल्याचा दावा ठोकला आणि त्याला तीन हजार फ्रँक दंड झाला. पादण्याचे हक्कसुद्धा कंपनीकडे गहाण होते, यावरून हा धंदा किती पक्का होता ते समजावं.

बाई जागची हलत नाही

१८८३ साली अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्यात लुलू हर्स्ट नावाची चौदा-पंधरा वर्षांची मुलगी प्रसिद्धीला आली. तिच्या अंगात म्हणे विद्युतशक्ती होती. खेळ असा: एखादा तालमीतला गडी स्टेजवर बोलवायचा. त्याने बिलियर्डची काठी छातीसमोर आडवी, दोन्ही हातांनी गच्च धरायची. लुलू काठीला नुसते तळवे लावणार. मग गड्याने तिला ढकलून दाखवायचं. गडी घामाघूम होतो, धडपडतो, स्टेजभर भेलकांडतो, आणि पोरगी हसत उभी!

हा प्रयोग घरी करून बघण्यासारखा आहे, म्हणून जरा तपशिलात सांगतो. ढकलणारा माणूस जोर लावतो तो सरळ पुढे. त्याच्या जोरासमोर तेवढाच जोर लावायला गेलात तर हरलात. त्याऐवजी तळवे काठीच्या किंचित खालच्या बाजूला लावा आणि त्याने जोर दिला की काठी हलकेच वरच्या दिशेने न्या. फार नाही, थोडीशी. आता त्याचा सगळा जोर तुमच्या अंगावर न येता वर निघून जातो. शिवाय हात पुढे ताणलेले असल्यामुळे त्याचा स्वतःचाच तोल पायांच्या पुढे गेलेला असतो. तो सावरायला मागे येतो, तेवढ्यात तुम्ही काठी जराशी बाजूला न्यायची. तो जितका दांडगा, तितका जास्त भेलकांडणार, कारण पडायला लागणारी ताकद तोच पुरवतोय.

सायमन न्यूकोंब या खगोलशास्त्रज्ञाने आणि इतर वैज्ञानिकांनी लुलूची परीक्षा घेतली. १८८५ मध्ये न्यूकोंबने 'सायन्स' साप्ताहिकात लिहिलं की यात गूढ काही नाही, नेहमीची यंत्रशास्त्राची तत्त्वं आहेत. तोवर लुलू कंटाळली होती. दोनेक वर्षांतच तिने स्टेज सोडलं, आपल्या मॅनेजरशी लग्न केलं आणि १८९७ मध्ये स्वतःच पुस्तक लिहून सगळी युक्ती सांगून टाकली. तरी 'जॉर्जियाची चुंबक' म्हणून तिच्या नकला करणाऱ्या बायका पुढे कैक वर्षं कमावत होत्या. रहस्य छापून आलं तरी धंदा बसत नाही, हे त्यातून दिसलं. लोकांना गड्याची फजिती पाहायची होती. तिचं कारण वाचायची हौस कुणाला?

मन ओळखणारी बायको

झान्सिग नवरा-बायको, ज्युलियस आणि अ‍ॅग्नेस, मूळचे डेन्मार्कचे. १९०६ मध्ये लंडनच्या अल्हाम्ब्रा थिएटरात त्यांनी धमाल उडवून दिली. अ‍ॅग्नेस स्टेजवर पाठमोरी, ज्युलियस प्रेक्षकांत फिरतोय. कुणी घड्याळ हातात देतं, कुणी नोट. ती तिकडून वस्तू ओळखते, नोटेचा नंबरसुद्धा सांगते. शेरलॉक होम्सचे जन्मदाते आर्थर कॉनन डॉईल यांची खात्री पटली होती की हे खरोखरचं मनोवाचन आहे. होम्सची मात्र पटली नसती.

तत्त्व असं. नवरा विचारताना जे बोलतो त्यातच उत्तर दडलेलं असतं. समजा आपण ठरवलं: 'सांग' म्हणजे एक, 'बरं' म्हणजे दोन, 'आता' म्हणजे तीन, 'लवकर' म्हणजे चार. मग 'बरं, लवकर! आता सांग' एवढं वाक्य ऐकलं की झाला २४३१. वस्तूंच्या याद्या पाठ करायच्या, त्यांना आकडे द्यायचे आणि आकडे शब्दांत लपवायचे. फ्रेंच जादूगार रॉबेर-हूदँ आपल्या मुलाला घेऊन १८४६ मध्येच असा खेळ करत होता. झान्सिग जोडप्याने ही भाषा अशी घोटली होती की कान देऊन बसलेल्यालाही धागा लागू नये, आणि जिथे शब्द पकडला जाईल तिथे हालचालींच्या खुणा असायच्या. पाठांतर किती असेल विचार करा. खरं मनोवाचन त्यापेक्षा सोपं गेलं असतं.

ओठ न हलवता 'बाबा' म्हणणं

शब्दभ्रमाबद्दल, म्हणजे बोलक्या बाहुल्यांबद्दल, एक गैरसमज सर्रास आहे: हे लोक पोटातून बोलतात. पोटातून कुणीच बोलत नाही. आवाज घशातूनच येतो. ओठ जरासे विलग ठेवायचे, दात जवळजवळ मिटलेले, आणि सगळं काम जिभेकडे सोपवायचं. क, च, ट, त या वर्गांतली अक्षरं जीभ एकटी उरकते. आरशासमोर उभे राहून, ओठ न हलवता 'काका, चहा झाला' म्हणून बघा. थोड्या सरावाने जमेल.

आता 'बाबा, मला पापड पाहिजे' म्हणा.

अडलात ना? प, फ, ब, भ, म ही पाच अक्षरं ओठ मिटल्याशिवाय होत नाहीत. यावर कलाकारांची तोड म्हणजे चक्क लबाडी. म च्या जागी न, ब च्या जागी द किंवा ग, प च्या जागी त. म्हणजे 'दादा, नला तातड ताहिजे'. लिहिलेलं वाचताना हसू येतं, पण जीभ दातांमागे जरा दाबून, भरभर आणि बाहुलीच्या चिरक्या आवाजात म्हटलं की ऐकणाऱ्याला 'पापड'च ऐकू येतं. कारण वाक्यात काय यायला हवं हे कानाला आधीच माहीत असतं आणि तो गाळलेलं भरून घेतो. इंग्रजी म्युझिक हॉलमधल्या नवशिक्यांची थट्टा याच्यावरूनच व्हायची: 'बॉटल ऑफ बिअर' म्हणायचं असताना 'गॉटल ऑफ गिअर' ऐकू आलं की समजावं, गडी कच्चा आहे.

दुसरी अर्धी फसवणूक डोळा करतो. आवाज माणसाच्या तोंडातून येतोय, पण जबडा बाहुलीचा हलतोय, म्हणून मेंदू आवाज बाहुलीला चिकटवून टाकतो. थिएटरात सिनेमा पाहताना आवाज स्पीकरमधून येत असूनही हिरोच्या तोंडातून आल्यासारखा वाटतो, तोच प्रकार. १९७६ मध्ये मॅकगर्क आणि मॅकडोनाल्ड या संशोधकांनी दाखवलं की डोळा तर ऐकू येणारं अक्षरही बदलतो: 'बा' ऐकवलं आणि 'गा' म्हणणारे ओठ दाखवले तर बऱ्याच लोकांना 'दा' ऐकू येतं. प्रयोगशाळेला हे कळायच्या कितीतरी आधी स्टेजवाल्यांनी त्यावर घरं बांधली होती. फ्रेड रसेलने १८८६ च्या सुमारास आपल्या कॉस्टर जो या बाहुलीला मांडीवर घेतलं आणि एक माणूस-एक बाहुली अशी जी जोडी रूढ झाली, ती आजपर्यंत.

जिथे चूक परवडत नाही

आता गोळीचं. 'चुंग लिंग सू' हा चिनी जादूगार इंग्लंडात गाजत होता. स्टेजवर तो इंग्रजी बोलत नसे, वार्ताहरांशीही दुभाष्यामार्फत बोले. प्रत्यक्षात तो विल्यम रॉबिन्सन नावाचा न्यूयॉर्कचा अमेरिकन होता. त्याने ज्याची नक्कल उचलली तो चिंग लिंग फू खराखुरा चिनी जादूगार. १९०५ मध्ये दोघं एकाच वेळी लंडनमध्ये होते, आव्हानं-प्रतिआव्हानं झाली, आणि पब्लिकने खोट्याला डोक्यावर घेतलं. हे वाचून आपण भारतीयांनी फार हसू नये, कारण तोंड काळवंडून, पगडी चढवून 'हिंदू फकीर' झालेल्या गोऱ्या जादूगारांचीही तेव्हा चलती होती. अधांतरी दोरीवर चढणाऱ्या पोराची प्रसिद्ध भारतीय जादूसुद्धा जगभर झाली ती १८९० च्या 'शिकागो ट्रिब्यून'मधल्या एका बनावट बातमीमुळे.

सूचा सर्वांत मोठा प्रयोग गोळी झेलण्याचा. प्रेक्षकांनी खूण केलेल्या गोळ्या तोंडाकडून भरायच्या जुन्या बंदुकीत घालायच्या, नेम त्याच्यावर, बार, आणि सू चिनी मातीच्या बशीत गोळ्या झेलणार. गोळ्या आधीच बदललेल्या असत, हा हातचलाखीचा भाग झाला. बंदुकीत खरी कारागिरी होती. अशा बंदुकीला नळीखाली आणखी एक बारीक नळी असते, दारू ठासायचा गज ठेवण्यासाठी. सूने ठिणगीची वाट फिरवून त्या खालच्या नळीत नेली होती. चाप ओढला की खालची मोकळी दारू उडते, धूर आणि आवाज होतो, वरच्या नळीतली गोळी जागची हलत नाही.

खेळ झाला की वरची गोळी-दारू काढायला हवी. सू ती उडवून मोकळी न करता बंदुकीचा मागचा स्क्रू काढून बाहेर घ्यायचा. वर्षानुवर्षं स्क्रू फिरवून त्याचे आटे झिजले. बारीक फट पडली आणि दारूचे कण तिच्यात साचत गेले. २३ मार्च १९१८ च्या रात्री लंडनच्या वूड ग्रीन एम्पायरमध्ये ठिणगी त्या फटीतून वर गेली. गोळी छातीतून आरपार झाली. सू आयुष्यात पहिल्यांदा स्टेजवर इंग्रजीत बोलला: काहीतरी झालंय, पडदा टाका. दुसऱ्या दिवशी तो गेला. चौकशीत निकाल अपघाती मृत्यूचा लागला. तोच प्रयोग पुन्हा पुन्हा करण्यावर हा धंदा उभा होता, आणि इथे त्या पुनरावृत्तीनेच लोखंड झिजवलं.

वाईटपणाचंही मार्केट

मोठा कलाकार होण्यासाठी कौशल्य लागतंच असं नाही, हे आयोवाच्या चेरी भगिनींनी सिद्ध केलं. गाणं बेसूर, अभिनय लाकडी, आणि सादर मात्र अत्यंत गांभीर्याने. न्यूयॉर्कच्या ऑस्कर हॅमरस्टाइन या थिएटरमालकाने चांगले कलाकार आणून धंदा होईना म्हणून १८९६ च्या नोव्हेंबरात ठरवून या सर्वांत वाईट बहिणींना ऑलिंपिया थिएटरात आणलं. लोक भाजीपाला घेऊनच यायचे. हाउसफुल. पुढे एका वर्तमानपत्राने त्यांच्यावर इतकं जहरी लिहिलं की त्या कोर्टात गेल्या. १९०१ मध्ये आयोवाच्या सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की जो स्वतःला लोकांसमोर मांडतो त्याच्या कलेवर टीका करायचा टीकाकाराला हक्क आहे. अमेरिकेतले समीक्षक आजही या बहिणींचे ऋणी आहेत.

त्यांच्या उलट बस्टर कीटन. तो लहानपणी आईबापांबरोबर 'थ्री कीटन्स'मध्ये असायचा. बापाने त्याच्या कपड्यांना पाठीवर बॅगेचं हँडल शिवून घेतलं होतं. ते धरून पोराला स्टेजभर, प्रसंगी वाद्यवृंदात भिरकवायचं, हा आयटम. बालसंरक्षणवाले मागे लागायचे. पोराने एक गोष्ट लवकर टिपली: आपण फेकले गेल्यावर हसलो तर पब्लिक कमी हसतं, चेहरा कोरा ठेवला तर फुटतं. मूकपटांतला तो दगडी चेहरा तिथे तयार झाला.

साप घरातच होता

सिनेमाने व्हरायटी संपवली हे सगळेच सांगतात. गंमत अशी की त्याला घरात व्हरायटीवाल्यांनीच घेतलं. न्यूयॉर्कमध्ये एडिसनचं व्हायटास्कोप, म्हणजे पडद्यावर सिनेमा दाखवणारं यंत्र, २३ एप्रिल १८९६ ला दाखवलं गेलं ते कोस्टर अँड बायल यांच्या म्युझिक हॉलमध्ये, इतर आयटमांच्या बरोबरीने. लंडनला ल्युमिए बंधूंचा सिनेमॅटोग्राफ, असंच एक यंत्र, फेब्रुवारी १८९६ मध्ये नेला फेलिसियँ ट्रेवीने. हा हाताच्या सावल्यांतून प्राणी करणारा, फेल्टच्या एका चकतीपासून असंख्य टोप्या वळणारा नाणावलेला नॉव्हेल्टी कलाकार. तेच यंत्र ७ जुलै १८९६ ला मुंबईत वॉटसन हॉटेलात आलं. सुरुवातीला सिनेमा हाही बारा मिनिटांचा आयटमच होता, शेवटी ठेवलेला.

मग बोलपट आले. १९२८ मध्ये कीथ आणि ऑर्फियमच्या थिएटरांची साखळी रेडिओ कंपनीने सिनेमासाठी घेतली आणि आर.के.ओ. ही चित्रपट कंपनी उभी राहिली. नावातला 'के' कीथचा, 'ओ' ऑर्फियमचा. व्हॉदव्हिलची पंढरी म्हणजे न्यूयॉर्कचं पॅलेस थिएटर, १९१३ ला सुरू झालेलं. १९३२ च्या अखेरीस तिथेही नुसते सिनेमे लागले.

सिनेमाची तिकिटं स्वस्त, हा झाला वरवरचा फटका. खरा घाव त्या गावोगावच्या फिरतीच्या वर्तुळावर बसला. जो आयटम गावोगाव फिरवायला वीस वर्षं पुरायचा, तो कॅमेऱ्यासमोर एकदा केला की त्याच महिन्यात सगळ्या देशाने पाहिलेला. हाजी अलीने १९३१ मध्ये लॉरेल-हार्डीच्या एका स्पॅनिश भाषेतल्या चित्रपटात आपला खेळ केला, तो आजही पाहायला मिळतो. एकदा पाहिला की पुरे होतो. लिटल टिच या बुटक्या इंग्रज विनोदवीराचा, दोन फुटांहून लांब बूट घालून केलेला नाच १९०० मध्ये चित्रित झाला, तोही असाच.

मग टिकलं काय? जिथे युक्ती तीच ठेवून माल बदलता येतो ते. जादूगार सिनेमात गेले, आणि आपल्याकडेही हा धागा आहे: दादासाहेब फाळके 'प्रोफेसर केळफा' या नावाने जादूचे प्रयोग करत आणि त्यांच्या चित्रपटांतली कॅमेऱ्याची करामत त्या हातातूनच आलेली दिसते. शब्दभ्रम तर सगळ्यांत चिवट निघाला, कारण बाहुलीचे ओठ तेच राहिले तरी ती आज काय बोलणार हे रोज वेगळं.

महाराष्ट्रात ही विद्या य. के. पाध्ये यांनी गेल्या शतकाच्या पूर्वार्धात आणली आणि अर्धवटराव घराघरात पोचवला. रामदास पाध्ये यांनी १९६७ पासून तो पुढे चालवला. नावाकडे जरा लक्ष द्या: अर्धवटराव. प, फ, ब, भ, म यांतलं एकही अक्षर नाही. पुढे १९९३ च्या 'झपाटलेला'मध्ये त्यांनी नाचवलेला तात्या विंचू, त्यातही नाही. योगायोग असेल, पण बोलवणाऱ्याच्या सोयीचा. अर्धवटरावाच्या बायकोच्या, आवडाबाईच्या नावात मात्र ब येतोच. स्टेजवरून दूरदर्शनवर, तिथून मराठी सिनेमात, आणि मध्येच लिज्जत पापडाच्या जाहिरातीत कुर्रम कुर्रम करणारा ससा म्हणून: पाध्यांच्या बाहुल्या माध्यम बदलत राहिल्या, आणि दर वेळी संवाद नवे लिहून घेतले गेले.